एचव्हीडीसी कंट्रोल : दोन टोकांचं बोलणं तुटलं तर लाइन कशी चालते? प्रोजेक्टसाठी मदत हवी

पाषाणची_पोर · मंगळवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय पॉवर सिस्टिम्स. प्रोजेक्टला एचव्हीडीसीचं, म्हणजे उच्च दाबाच्या डीसी लाइनचं, कंट्रोल घेतलंय आणि गेले तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे. इथे पारेषणात हयात घालवलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढते आहे.

विषय का घेतला ते आधी सांगते. बी.ई.ला असताना नगर रोडवरच्या लोणीकंदच्या ४०० केव्ही उपकेंद्रात आमची भेट होती. तिथल्या मॅडमनी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवत दाखवलं की चंद्रपूरची वीज परळीमार्गे एसी लाइनने इकडे येते, आणि त्याच चंद्रपूरहून एक डीसी लाइन थेट पडघ्याला उतरते. ७५२ किलोमीटर, अधिक-उणे ५०० केव्ही, १५०० मेगावॅट, वाटेत एकही थांबा नाही. ती लाइन लोणीकंदला येत नाही. पण तिचा एक पोल (अधिक किंवा उणे बाजूची तार आणि तिचे कन्व्हर्टर) ट्रिप झाला की तिने टाकलेला भार समांतर एसी लाइनवर येतो आणि तो इथल्या मीटरवर दिसतो, असं त्या म्हणाल्या. सगळं राज्य ओलांडणारी एक लाइन दोन टोकांच्या दोन कंट्रोल रूममधून सांभाळली जाते, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

आता अडचण. मॉडेल सिग्रे या आंतरराष्ट्रीय वीज संस्थेचं बेंचमार्क आहे : ५०० केव्ही, १००० मेगावॅट, १२ पल्स, दोन्ही टोकांना शॉर्ट सर्किट रेशो (एससीआर, लाइनच्या मानाने ग्रीड किती सशक्त ते सांगणारा आकडा) २.५, म्हणजे ग्रीड तसं अशक्तच. रेक्टिफायरला (एसीची डीसी करून पाठवणारं टोक) स्थिर करंट, इन्व्हर्टरला (डीसीची पुन्हा एसी करणारं टोक) स्थिर गॅमा (बंद झालेल्या व्हॉल्व्हला, म्हणजे कन्व्हर्टरमधल्या स्विचला, सावरायला मिळणारा वेळ, अंशांत), मार्जिन (दोन टोकांच्या करंट ऑर्डरमधला फरक) १० टक्के. इन्व्हर्टरच्या एसी बसवर १०० मिलिसेकंदांचा तीन फेजचा फॉल्ट देते. फॉल्टच्या वेळी कम्युटेशन फेल्युअर (एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे करंट सोपवणं फसणं) होतो, तो होणारच. पण फॉल्ट गेल्यावर व्होल्टेज वर यायला लागतं, करंटही उसळतो आणि पुन्हा फेल्युअर. कधीकधी तिसराही. पीआय कंट्रोलरचे गेन सगळ्या बाजूंनी हलवून पाहिले.

दुसरा प्रश्न जरा मूलभूत आहे. माझ्या मॉडेलमध्ये दोन टोकांमधला संदेश तत्क्षणी पोचतो. असं असताना इन्व्हर्टरला रेक्टिफायरपेक्षा १० टक्के कमी करंट ऑर्डर का द्यायची? गाइड सर म्हणतात, मार्जिन काढायचं नाही. का, ते मला अजून आतून पटलेलं नाही.

---

निवृत्तपाळी · मंगळवार, रात्री ११:३०

फार चांगला धागा. उत्तर सविस्तर देतो, पण आधी दोन गोष्टी कळवा. व्हीडीकॉल (व्होल्टेज पडलं की करंट ऑर्डर कमी करणारी सोय) घातला आहे का? आणि फॉल्ट चालू असताना पीआयचा इंटिग्रेटर (चूक साठवत जाणारा भाग) मोकळा सुटलेला असतो की धरून ठेवता?

---

पाषाणची_पोर · मंगळवार, रात्री ११:४१

सगळं शून्यापासून स्वतः उभं करायचं म्हणून व्हीडीकॉल काढून टाकला होता. इंटिग्रेटर मोकळाच आहे. आणि काका, मला अहो-जाहो नको, तू म्हणा.

---

हौशी_वाचक · बुधवार, सकाळी ७:१५

मी बँकेतून निवृत्त झालो, या विषयातलं काही कळत नाही, पण धागा सोडवत नाही. डीसी तर शंभर वर्षांपूर्वीच एसीपुढे मागे पडली असं शाळेत शिकलो होतो. मग ती परत कशी आली? आणि तारेतून वीज वाहायला इतकं कंट्रोल कशाला लागतं?

---

रिलेवाला_हडपसर · बुधवार, सकाळी ९:०५

@हौशी_वाचक, प्रश्न अगदी मुळातला आहे.

एसी जिंकली ती ट्रान्सफॉर्मरमुळे. पण एसी लाइन लांबत गेली की तिच्या स्वतःच्या इंडक्टन्स-कपॅसिटन्सचा त्रास वाढतो, आणि दोन्ही टोकांची ग्रीड एकाच तालात चालावी लागतात. डीसीला हे दोन्ही लागत नाही. दोन टोकांची कन्व्हर्टर स्टेशनं महाग असतात, पण ओव्हरहेड लाइन साधारण ६००-८०० किलोमीटरच्या पुढे गेली की तारा आणि टॉवरमध्ये वाचलेला पैसा तो खर्च भरून काढतो. समुद्राखालच्या केबलला तर ५० किलोमीटरच्या आसपासच हिशोब फिरतो. म्हणून पहिली व्यावसायिक लाइन स्वीडनच्या किनाऱ्यावरून गोटलंड बेटावर गेली : १९५४, २० मेगावॅट, १०० केव्ही. पाऱ्याच्या आर्क व्हॉल्व्हवर चालायची. ते व्हॉल्व्ह घडवण्यात उनो लाम यांची कित्येक वर्षं गेली. थायरिस्टर (सेमीकंडक्टरचे स्विच) त्याच गोटलंडला १९६७ मध्ये आले.

आता कंट्रोल कशाला. डीसी लाइनला करंट अडवायला तारेचा रोध तेवढा असतो, आणि तो अगदी कमी. हिशोबाला सोपं म्हणून तो १० ओहम धरा. एका टोकाला ५०० केव्ही, दुसऱ्याला ४८५. फरक १५ केव्ही, म्हणजे करंट १५०० अँपियर. आता पलीकडच्या ग्रीडमध्ये कुठेतरी काही झालं आणि तिथलं व्होल्टेज ४८५ वरून ४७० वर आलं, जेमतेम ३ टक्के. फरक झाला ३० केव्ही. करंट ३००० अँपियर, एकदम दुप्पट! घरात व्होल्टेज ३ टक्के हललं तर पंख्यालाही कळत नाही. इथे आवरायला कुणी नसेल तर व्हॉल्व्ह जळतील.

आवरायचं कसं? १२ पल्स कन्व्हर्टरमध्ये ५० हर्ट्झला सेकंदाला ६०० वेळा कुठला ना कुठला व्हॉल्व्ह पेटवला जातो, दर १.६७ मिलिसेकंदाला एक. तो किती उशिरा पेटवायचा, म्हणजे फायरिंग अँगल अल्फा, एवढी एकच गोष्ट हातात असते. अल्फा वाढवला की डीसी व्होल्टेज कमी, ९० अंशांच्या पुढे नेला की उलटं. बाकी सगळं कंट्रोल या एका कोनावर उभं आहे.

अवांतर : डीसीचा दुसरा फायदा आपल्या देशाने २०१२ मध्ये पाहिला. ३० आणि ३१ जुलैला उत्तरेकडचं ग्रीड कोसळलं, पण दक्षिण भारत शाबूत राहिला. तो बाकी देशाशी तेव्हा डीसीनेच जोडलेला होता. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं भद्रावतीचं १००० मेगावॅटचं बॅक-टू-बॅक (मध्ये लाइन नसलेलं) स्टेशन हा त्यातलाच एक दुवा. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनने दक्षिण बाकीच्या ग्रीडशी एका तालात आली.

---

हौशी_वाचक · बुधवार, सकाळी ९:४०

१५ केव्ही आणि ३० केव्हीचा हिशोब वहीत करून पाहिला. आता कळलं. मनापासून धन्यवाद.

---

निवृत्तपाळी · बुधवार, दुपारी ३:२०

पोरी, आता तुझ्या मार्जिनकडे येऊ.

पूर्ण करंटला १.० म्हणू. रेक्टिफायरला ऑर्डर १.० आणि इन्व्हर्टरला ०.९. दोघांकडेही करंट कंट्रोलर आहे. लाइनमध्ये प्रत्यक्ष करंट १.०. म्हणजे इन्व्हर्टरच्या कंट्रोलरला सतत वाटत असतं की करंट जास्त झालाय, कमी करायला हवा. तो कमी करण्यासाठी तो आपलं व्होल्टेज वर ढकलत राहतो. ढकलत ढकलत गॅमाच्या किमान मर्यादेला जाऊन टेकतो, त्यापुढे जाता येत नाही. तिथेच तो दिवसभर टेकून राहतो. त्यामुळे लाइनचं व्होल्टेज जास्तीत जास्त राहतं आणि रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण एसी बाजूने पुरवावी लागणारी) कमीत कमी लागते. तरीही मेगावॅटच्या साधारण निम्मी लागतेच.

आता चंद्रपूरकडे, म्हणजे रेक्टिफायरच्या टोकाला, एसी व्होल्टेज पडलं समज. रेक्टिफायर करंट धरून ठेवायला अल्फा १५-१६ अंशांवरून खाली आणतो, पण ५ अंशांच्या खाली जाता येत नाही. एका व्हॉल्व्हमध्ये कितीतरी थायरिस्टर एकापाठोपाठ एक असतात, ते सगळे एकदम पेटायला पुरेसं व्होल्टेज चढलेलं असावं लागतं. रेक्टिफायरचा हात संपला, करंट घसरायला लागला. १.० वरून ०.९ वर आला की इन्व्हर्टरचा कंट्रोलर आपोआप जागा होतो आणि करंट ०.९ वर धरतो. कुणी कुणाला संदेश पाठवलेला नसतो. ताबा एका टोकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि लाइन चालू राहिली, थोडी कमी पॉवर देत.

मार्जिन शून्य केलंस तर दोन्ही कंट्रोलर एकाच करंटसाठी भांडत बसतील. उलटं झालं, म्हणजे इन्व्हर्टरची ऑर्डर रेक्टिफायरच्या वर गेली, तर इन्व्हर्टर जास्त करंट ओढायला स्वतःचं व्होल्टेज उतरवणार आणि रेक्टिफायर तो रोखायला स्वतःचं उतरवणार. दोघं मिळून लाइनचं व्होल्टेज खाली घेऊन जातात. करंट मोजण्यातली चूक आणि त्यातला रिपल (बारीक चढउतार) धरूनही ही वेळ येऊ नये, म्हणून १० टक्के.

आता फेल्युअर. ५० हर्ट्झला १८ अंश म्हणजे बरोबर १ मिलिसेकंद. गॅमा १८ अंश ठेवतो तेव्हा बंद झालेल्या थायरिस्टरला सावरायला आपण एवढाच वेळ देत असतो. त्याची स्वतःची गरज ४०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, म्हणजे ७-८ अंश. वरचे दहाएक अंश ही आपली शिल्लक. करंट वाढला की एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे तो सोपवायला जास्त वेळ लागतो, एसी व्होल्टेज पडलं तरी तसंच. हा वाढीव वेळ त्या शिल्लकीतून जातो. तुझ्याकडे फॉल्ट सुटल्यावर दोन्ही एकदम होतंय : व्होल्टेज अजून अर्धवट आणि करंट पूर्ण मागितलेला. शिल्लक उरणार कुठून?

व्हीडीकॉल नेमकं हेच सांभाळतो. डीसी व्होल्टेज पडलं की करंट ऑर्डरच खाली आणतो. बेंचमार्कमध्ये ०.९ व्होल्टेजच्या वर पूर्ण ऑर्डर आणि ०.४ ला येईपर्यंत ती ०.५५ वर येते. त्यात एक खाच आहे : उतरताना झटपट, चढताना सावकाश. दोन्हीला एकच टाइम कॉन्स्टंट ठेवू नकोस. आणि वरच्या थराला स्थिर पॉवरचा कंट्रोल असेल तर तो व्होल्टेज पडल्यावर जास्तच करंट मागतो, आजारी माणसाला पळायला सांगितल्यासारखं. त्यालाही व्हीडीकॉलच्या मुठीत ठेवावं लागतं.

इंटिग्रेटर फॉल्टमध्ये बांधून ठेव. मोकळा सुटला की तो भलत्याच जागी जाऊन बसतो आणि तिथून परतायला वेळ घेतो.

---

गणेशखिंड · बुधवार, दुपारी ४:०२

+१. "कुणी कुणाला संदेश पाठवलेला नसतो" हे वाचून इतक्या वर्षांनी स्टॅटिक कॅरॅक्टरिस्टिकचा (व्होल्टेज-करंटचा) आलेख नीट समजला. परीक्षेत काढत होतो, अर्थ आज कळला.

---

बाणेर_व्हीएससी · बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मी या क्षेत्रातच, सिम्युलेशनवर काम करतो. प्रोजेक्टसाठी थायरिस्टरची लाइन घेण्यापेक्षा व्हीएससी (व्होल्टेज सोर्स कन्व्हर्टर) घे असं मी सुचवेन. तिथे आयजीबीटी हे स्विच आपल्या मर्जीने बंद होतात, ग्रीडच्या व्होल्टेजची वाट पाहत नाहीत, म्हणजे कम्युटेशन फेल्युअर हा प्रकारच नाही. मेगावॅट आणि रिॲक्टिव्ह पॉवर वेगवेगळी सांभाळता येते. अशक्त ग्रीडलाही चालतं. भारतात पुगळूर-त्रिशूर ही पहिली व्हीएससी लाइन २०२१ पासून चालू आहे, २००० मेगावॅट, अधिक-उणे ३२० केव्ही. मुंबईला जागाच नाही म्हणून कुडूस ते आरे प्रकल्पही याच पद्धतीचा घेतला, १००० मेगावॅट, साधारण ८० किलोमीटर, त्यातला बराच भाग जमिनीखालून.

कंट्रोलचं कामही तिथे भरपूर आहे. एक टोक डीसी व्होल्टेज धरतं, दुसरं पॉवर. आत करंटचा वेगवान लूप, बाहेर पॉवर-व्होल्टेजचा सावकाश लूप. मॉड्युलर मल्टीलेव्हल कन्व्हर्टर असेल तर एकेका आर्ममधल्या शेकडो कपॅसिटरचं व्होल्टेज सतत समान ठेवावं लागतं, आणि आर्ममधून आतल्या आत फिरणारा १०० हर्ट्झचा करंट दाबावा लागतो. पुढची वीस वर्षं यातच काम आहे.

---

रिलेवाला_हडपसर · बुधवार, रात्री १०:१०

व्हीएससीचे गुण मान्य. पण लांब ओव्हरहेड लाइनवर वीज पडली तर? थायरिस्टरवाल्या लाइनमध्ये रेक्टिफायरचा अल्फा १२० अंशांच्या पुढे ढकलला की तोच क्षणभर इन्व्हर्टर होतो, लाइनमधली ऊर्जा परत ओढून घेतो, करंट शून्य. हवा निवायला थोडं थांबून पुन्हा चालू. ब्रेकर उघडावा लागत नाही. हाफ-ब्रिज (साध्या जोडणीच्या) व्हीएससीमध्ये आयजीबीटी ब्लॉक केले तरी डायोडमधून एसी बाजू फॉल्टला करंट पुरवत राहते, शेवटी एसी ब्रेकर उघडावा लागतो. वळवाचे दिवस आठवा, विदर्भातून सह्याद्री उतरेपर्यंत किती विजा पडतात. छत्तीसगडमधल्या रायगढहून पुगळूरला जाणारी ८०० केव्ही, ६००० मेगावॅटची लाइन पुगळूर-त्रिशूरच्याच सुमाराची, पण ती थायरिस्टरवरच आहे. एवढ्या शक्तीला आणि अंतराला ते अजून लागतं.

डीसी लाइनच्या इन्सुलेटरवर एसीपेक्षा धूळही जास्त ओढली जाते. थंडीत पहाटे दव पडलं की फ्लॅशओव्हरचा धोका. तेव्हा अल्फा वाढवून लाइन ८० टक्के व्होल्टेजवर चालवायची सोय असते. या सोयींची किंमत लाइनवर काम केलेल्यालाच कळते.

---

बाणेर_व्हीएससी · बुधवार, रात्री १०:३५

ओव्हरहेडचा मुद्दा बरोबर, फुल-ब्रिज (डीसी फॉल्टचा करंट स्वतः रोखणारी जोडणी) घेतला तर खर्च आणि तोटा दोन्ही वाढतात. तरी केबलच्या कामाला व्हीएससीच, यावर मी ठाम आहे. विषय बदलायचा सल्ला मात्र मागे घेतो. मार्जिनचा विचार व्हीएससीच्या व्होल्टेज ड्रूपमध्येही (व्होल्टेज हललं की पॉवर थोडी बदलू देणं) वेगळ्या रूपात येतोच, तो आधी इथे शिकलेला चांगला.

---

पाषाणची_पोर · शुक्रवार, रात्री १२:२०

काका, अर्धं काम झालं!

व्हीडीकॉल घातला, इंटिग्रेटर बांधला. दुसरा कम्युटेशन फेल्युअर पूर्ण गेला. गॅमाचा आलेख फॉल्टनंतर एकदाही धोक्याच्या खाली येत नाही. बघून खुर्चीतून उठलेच.

पण आता नवीनच काहीतरी दिसतंय. फॉल्ट गेल्यावर डीसी व्होल्टेज छान वर चढतं, ०.८ च्या आसपास पोचतं आणि तिथून पुन्हा खाली झुकतं. कम्युटेशन फेल्युअर नाही, व्हॉल्व्हचे करंट एकेक करून तपासले, सगळे व्यवस्थित हात बदलतात. व्होल्टेज खाली येतं, थोडा वेळ तिथे रेंगाळतं, मग हळूहळू वर जातं. दोन्ही टोकांना मी स्वतंत्र व्हीडीकॉल घातलाय, प्रत्येक जण आपापलं व्होल्टेज बघतो. चढतानाचा वेळ रेक्टिफायरला ८० मिलिसेकंद दिला, कारण सावकाश चढवायला तुम्ही सांगितलं होतं. इन्व्हर्टरला ३० ठेवला, लवकर सावरावा म्हणून.

---

निवृत्तपाळी · शुक्रवार, सकाळी ६:५०

तुझे आकडे वाचले आणि मला एक रात्र आठवली. ती सांगतो, उत्तर त्यातच आहे.

मी तेव्हा एका एचव्हीडीसी स्टेशनवर पाळीत होतो, आमचं टोक इन्व्हर्टरचं. जूनचा पहिला पाऊस, मध्यरात्रीनंतर दोन्ही दूरसंचार चॅनल गेले. पॅनेलवर दिवा लागला, कर्णा वाजला, आणि दोन्ही टोकांच्या करंट ऑर्डर होत्या तिथे गोठल्या. हे असंच व्हायला हवं असतं. लाइन मुकाट चालू राहिली, पलीकडचं काही दिसत नसताना. पहाटे भार उतरला आणि लोड डिस्पॅचने पॉवर कमी करायला सांगितली. पोलचा करंट १२०० अँपियरवरून ९०० वर आणायचा होता. एरवी ते मास्टर कंट्रोल करतं. त्या रात्री पलीकडचा ऑपरेटर आणि मी, मध्ये एक साधा फोन.

नियम आम्हा दोघांनाही तोंडपाठ होता : वाढवताना रेक्टिफायर आधी, कमी करताना इन्व्हर्टर आधी. ५० अँपियरची एक पायरी. मी आधी उतरायचं, आकडा सांगायचा, त्याने तो परत म्हणायचा, मग त्याने उतरायचं आणि मी त्याचा आकडा परत म्हणायचा. मार्जिन १५० अँपियर. मी उतरलो की ते २०० होतं, तो उतरला की पुन्हा १५०. सहा पायऱ्या. चौथ्या पायरीला फोनमध्ये इतकी खरखर झाली की माझा आकडा त्याला गेला की नाही कळेना. मी हात नॉबवरून काढून घेतला आणि थांबलो. त्यानेही काही केलं नाही. पाचेक मिनिटांनी आवाज परत आला, आम्ही दोघांनी लॉगबुकात लिहिलेला शेवटचा आकडा एकमेकांना वाचून दाखवला आणि पुढची पायरी घेतली. तो माझी वाट न बघता एकटाच तीन पायऱ्या उतरला असता तर मार्जिन शून्यावर आलं असतं, चौथ्या पायरीला लाइनचं व्होल्टेज बसलं असतं. सहा पायऱ्यांना पाऊण तास लागला. सकाळी चहा पिताना माझ्या पाठीला घाम होता.

आता तुझे ८० आणि ३० बघ. फॉल्ट सुटल्यावर दोन्ही ऑर्डर वर चढतायत. आधी कोण चढतंय?

---

पाषाणची_पोर · शुक्रवार, सकाळी ७:३५

इन्व्हर्टर.

काका, दोन्ही ऑर्डर एकाच आलेखावर काढून पाहिल्या. इतके दिवस वेगवेगळ्या खिडकीत बघत होते, म्हणून दिसलं नाही. सुरुवातीला इन्व्हर्टरची रेषा खाली आहे, १० टक्के सोडून. मग तो भराभर चढतो आणि रेक्टिफायरची रेषा कापून वर जातो. जिथे कापतो, बरोबर तिथे डीसी व्होल्टेज झुकायला लागतं. रेक्टिफायर सावकाश वर येऊन पुन्हा पुढे जातो तेव्हा ते सावरतं. तेवढा वेळ मार्जिन उलटं झालेलं असतं. तुम्ही बुधवारी लिहिलं होतं ना, दोघं मिळून लाइनचं व्होल्टेज खाली नेतात, नेमकं तेच.

---

निवृत्तपाळी · शुक्रवार, सकाळी ७:५०

शाब्बास. आता चढताना रेक्टिफायर आधी आणि उतरताना इन्व्हर्टर आधी असे वेळ लाव. दोन्ही व्हीडीकॉल एकमेकांना न विचारताही हा क्रम पाळतील अशी सेटिंग हवी.

---

रिलेवाला_हडपसर · शुक्रवार, सकाळी ११:१५

एक भर. मूळ बेंचमार्कमध्ये व्हीडीकॉलची ऑर्डर इन्व्हर्टरकडे ठरते आणि तीच रेक्टिफायरला पाठवतात, त्यामुळे ही अडचण तिथे दिसत नाही. तू स्वतंत्र घातलेस म्हणून दिसली. रिपोर्टमध्ये हे जरूर लिही, परीक्षकांनी विचारलं तर उत्तर तयार असेल. आणि संदेशाला आता थोडा उशीर दे, २०-३० मिलिसेकंदांचा. तत्क्षणी पोचणारा संदेश फक्त भद्रावतीसारख्या बॅक-टू-बॅकमध्ये धरता येईल, तिथे दोन्ही कन्व्हर्टर एकाच आवारात असतात.

---

बाणेर_व्हीएससी · शुक्रवार, दुपारी १:४०

माझ्याकडून पण एक. एससीआर २.५ ला पीएलएल (ग्रीडच्या तालाला धरून फायरिंगचे क्षण ठरवणारा भाग) फार चपळ ठेवू नकोस. फॉल्ट सुटताना बसच्या व्होल्टेजचा कोन उडी मारतो. पीएलएल त्या उडीमागे धावला तर फायरिंगचे क्षण हलतात आणि गॅमाची शिल्लक तिथेच संपते. याची गोष्टही जुनी आहे. आधी प्रत्येक व्हॉल्व्हचं फायरिंग त्या त्या फेजच्या व्होल्टेजच्या शून्यावरून मोजायचे. अशक्त ग्रीडला व्होल्टेज वेडंवाकडं झालं की फायरिंगही वेडंवाकडं, त्यातून नको ते हार्मोनिक, त्याने व्होल्टेज आणखी बिघडायचं. १९६८ मध्ये इंग्लंडच्या एन्सवर्थ यांनी फेज-लॉक्ड ऑसिलेटर मांडला, फायरिंग समान अंतराने यायला लागलं आणि ती साखळी तुटली. आज पीएलएल हा सॉफ्टवेअरमधला एक चौकोन झालाय, पण तो आला तो याच दुखण्यावर.

---

पाषाणची_पोर · रविवार, संध्याकाळी ६:०५

सगळं लावून पाहिलं. चढताना रेक्टिफायर ४०, इन्व्हर्टर ८० मिलिसेकंद. उतरताना इन्व्हर्टर ५, रेक्टिफायर १०. संदेशाला २५ मिलिसेकंदांचा उशीर, पीएलएल थोडा संथ. दोन्ही ऑर्डरच्या रेषा कुठेच एकमेकींना कापत नाहीत, चढताना मधलं अंतर उलट थोडं वाढतं. डीसी व्होल्टेज एका दमात वर जातं. पहिल्या मॉडेलपेक्षा करंट पूर्ण व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, पण एकही झुकाव नाही आणि एकही दुसरा फेल्युअर नाही.

मग संदेश पूर्ण बंद करून पाहिला आणि तोच फॉल्ट दिला. सावरली. नंतर रेक्टिफायरकडचं एसी व्होल्टेज १५ टक्के पाडलं, संदेश बंदच ठेवून. अल्फा ५ वर टेकला, करंट घसरत ०.९ वर आला आणि तिथे थांबला. इन्व्हर्टरने धरला.

काका, सोमवारी गाइड सरांना दाखवताना तुमच्या सहा पायऱ्यांची गोष्ट सांगितली तर चालेल का? स्टेशनचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारणार नाही.

---

निवृत्तपाळी · रविवार, संध्याकाळी ७:३०

जरूर सांग. आणि संदेश बंद ठेवून आणखी एक करून बघ : इन्व्हर्टरला एकाच फेजचा फॉल्ट दे. त्यात व्होल्टेजची घसरण कमी असते, पण शून्याचा क्षण सरकतो, आणि तीन फेजच्या फॉल्टला टिकलेला गॅमा तिथे दगा देऊ शकतो. शून्य-क्रम व्होल्टेज (तीन फेजमधला असमतोल दाखवणारं) दिसताच फायरिंग थोडं आधी ओढायची सोय घालावी लागेल. आलेख इथेच टाक, दोन्ही ऑर्डर एकाच खिडकीत.